मृगापासून खंडेनवमीपर्यंत: अवजारांवरचा गंज आणि त्याचा बंदोबस्त

ऊस तोडताना कोयता गंजत नाही आणि चिखलात चालताना खोरंही गंजत नाही. गंज चढतो तो काम आटोपल्यावर, अवजार भिंतीला टेकवून माणूस हातपाय धुवायला गेला की. म्हणून त्याचा बंदोबस्त करायचा तर तो संध्याकाळच्या त्या दहा मिनिटांतच करावा लागतो. आधी धुणं, मग वाळवणं, मग तेल, क्रम हाच. बहुतेक घरांत धुणंही होतं आणि तेलही लागतं. मधलं वाळवणं तेवढं राहून जातं आणि नुकसान तिथंच होतं.

बेळगावच्या नैऋत्येला, खानापूर-जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मृग निघाला की भाद्रपद सरेपर्यंत हवा कोरडी अशी होतच नाही. ईशान्येला अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण काळ्या मातीचा चिकट चिखल आणि कृष्णाकाठच्या खारवट झालेल्या जमिनी तिथं लोखंड खातात. खाली कारवारला समुद्राचा खारा वारा. गंज सगळीकडे एकच, पण तो येतो वेगवेगळ्या वाटेनं, त्यामुळे उपायातही थोडा फरक पडतो.

लोखंड खाल्लं जातं ते कसं

गंजाला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. यातली एक जरी हटवली तरी काम थांबतं. लोखंड हटवता येत नाही, हवाही हटवता येत नाही. राहिलं पाणी. तेल, ग्रीस, मेण, रंग हे सगळे उपाय शेवटी पाण्याला लोखंडापासून लांब ठेवण्याचेच आहेत.

यात पाऊसच पडायला हवा असं नाही. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर धरतो आणि गंजाला तेवढं पुरतं. पावसाळ्यात दुसरी एक गोष्ट घडते. रात्रीच्या गारव्यानं पहार, कुदळ, ऐरण अशा जड वस्तू थंड होतात आणि सकाळी दमट उबदार हवा आत आली की त्या घामेजतात. हवा २५ अंशांची आणि दमटपणा ९० टक्के असेल, तर लोखंड हवेपेक्षा जेमतेम २ अंशांनी थंड असलं तरी त्यावर दव धरतं. ‘छपराखालीच होती, थेंबही लागला नाही, तरी कुदळ तांबडी झाली’ याचं उत्तर हे आहे.

गंज सगळीकडे सारखा का पसरत नाही, ठिपके-खड्डे का पाडतो, हे पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग करा. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. चिमूटभर मीठ विरघळवलेल्या पाण्याचा एक मोठा थेंब त्यावर ठेवा आणि तास-दोन तासांनी जवळून बघा. थेंबाच्या कडेला पत्रा अजून बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल, मध्यभाग काळपट झालेला असेल आणि दोघांच्या मध्ये तांबूस कडं उमटलेलं असेल. कडेला पाणी उथळ असतं, तिथं हवेतला प्राणवायू भरपूर पोचतो. मध्ये तो कमी पोचतो. या फरकामुळे एकाच थेंबाखाली बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो, मधलं लोखंड विरघळत जातं आणि विरघळलेलं लोखंड कडेच्या बाजूला येऊन गंज म्हणून बसतं.

खोऱ्यावर वाळलेला चिखलाचा पोपडाही नेमकं हेच करतो. पोपड्याखाली ओल असते, हवा नसते. पोपडा काढला की खाली खड्डा पडलेला दिसतो, आजूबाजूचं लोखंड मात्र शाबूत. दोन पत्र्यांच्या जोडात, बोल्टाच्या डोक्याखाली, दांडा बसतो त्या नेढ्यात गंज आतल्या आत जास्त का खातो, तेही यावरून कळेल.

ॲल्युमिनियमवर धरणारा थर घट्ट आणि अखंड असतो, तो खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून फुगून पोपडे सुटतात आणि खालचं नवं लोखंड उघडं पडतं. वर तो ओलही धरून ठेवतो. गंजावर गंज लवकर चढतो तो त्यामुळेच.

मीठ या सगळ्याला वेग देतं. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, शिवाय दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की मीठ स्वतःच पाझरू लागतं. समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तळहाताच्या घामात मीठ असतं. खताच्या गोणीतला पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही एक मीठच. खत विस्कटायला नेलेलं लोखंडी घमेलं तसंच ठेवलं तर एका पावसाळ्यात त्याचा तळ जातो.

संध्याकाळची दहा मिनिटं

माती ओली असतानाच काढा. वाळलेली काळी माती खरवडायला दुप्पट वेळ लागतो. लाकडाची चपटी पट्टी किंवा बांबूची चीप घ्या. लोखंडानं लोखंड खरवडलं की ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी माती त्या ओरखड्यांत अडकते. मग पाणी आणि काथ्याचा कुंचा. ऊसतोडीच्या कोयत्यावर रस वाळला असेल तर कोमट पाणी लागतं. रस थोडा आंबट असतो आणि त्यातली साखर हवेतली ओल ओढून घेते, म्हणून हंगामात कोयता एक रात्रही न धुता ठेवू नका. खत किंवा फवारणीचं काम झालं असेल तर दोनदा नव्या पाण्यानं धुवा. एकाच बादलीत सगळी अवजारं बुचकळली तर पहिल्याचं खत शेवटच्याला लागतं.

आता वाळवणं. सुती फडक्यानं पुसा, नेढ्याच्या कडा आणि पात्याचा गाभा विसरू नका. ऊन असेल तर पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. आषाढात ऊन मिळत नाही, तेव्हा चुलीपासून हातभर लांब उभं करा आणि लोखंड हाताला सोसवेल इतपत गरम होऊ द्या. गरम लोखंडावर तेल पातळ होऊन बारीक भेगांत शिरतं, हा वेगळा फायदा.

मात्र धारेचं हत्यार विस्तवात किंवा निखाऱ्यावर कधीही धरू नका. पोलादाला लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, २०० अंशांच्या वर उतरायला लागतं. धारेवर पिवळसर झाक आली की सुरुवात झाली आणि निळी आली की धार मऊ पडलीच. असा कोयता पुन्हा पाणी दिल्याशिवाय धार धरत नाही.

शेवटी तेलाचा बोळा. कोयत्याला अर्धा चमचा तेल पुष्कळ होतं. बोळा फिरवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसून घ्या. बोट फिरवल्यावर तेलकट लागावं, पण ओघळ दिसू नये. जाड थर धूळ आणि भुसा धरतो आणि तो भुसा पुन्हा ओल धरतो. ओल्या लोखंडावर तेल लावलं तर पाणी तेलाखाली कोंडतं आणि दोन दिवसांत तेलाखालूनच तांबडे ठिपके दिसायला लागतात.

धार लावल्यावर लगेच तेल लावा. नुकती सहाणेवरून किंवा ग्राइंडरवरून आलेली धार म्हणजे पूर्ण उघडं लोखंड, पावसाळ्यात तिच्यावर रातोरात पिवळी झाक चढते.

दांड्याबद्दल एक सवय मोडण्यासारखी आहे. कुदळ किंवा कुऱ्हाड ढिली झाली की ती रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवतात. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं, पण दोन दिवसांत वाळून ते आधीपेक्षा बारीक होतं. तेवढ्या वेळात नेढ्याच्या आत गंज बसलेला असतो. त्यापेक्षा दांडा काढा, नेढं आतून गोल कानशीनं साफ करा, पुसून तेल लावा, नवी पाचर ठोका आणि दांड्याच्या वरच्या टोकाला दोन-तीन वेळा जवसाचं तेल मुरवा.

कोणतं तेल, कशासाठी

रोजच्या वापरातल्या शेती-अवजाराला कोरं इंजिन ऑईल, ४० नंबरचं, पुरेसं आहे. एक लिटरमध्ये सामान्य घरचं वर्ष निघतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून सर्रास वापरतात, पण ते टाळावं. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं, पाणी आणि काजळी असते, म्हणजे ज्याच्यापासून लोखंड वाचवायचं तेच आपण लावतो. ते अंगाला लागणंही वाईट आणि शेतात धुऊन जाणंही वाईट.

खोबरेल आणि शेंगतेल वाळत नाहीत. काही आठवड्यांत ती खवट होतात, चिकट होतात आणि खवटपणातून आम्ल तयार होतं. विळी, सुरी, अडकित्ता अशा तोंडात जाणाऱ्या गोष्टींशी संबंध असलेल्या हत्यारांना मात्र खायचंच तेल लावा, अगदी पातळ, आणि दर आठवड्याला पुसून नवं लावा.

जवसाचं तेल वाळून कडक पापुद्रा धरतं, म्हणून दांड्यांना आणि महिनोन्महिने पडून राहणाऱ्या अवजारांना ते उत्तम. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते लवकर वाळतं, पण त्यात सुकवणारी धातूची क्षारं घातलेली असतात, स्वयंपाकघरात ते नको. आणखी एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ती तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. पेंढ्याच्या गंजीशेजारच्या खोपीत तर हे विसरून चालणार नाही.

जवसाचं तेल चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवलं की हाताला न चिकटणारं चांगलं लेपन होतं. थेट जाळावर वितळवू नका. सुताराच्या पटाश्या, रंध्याचं पातं, करवत यांना हे फार चांगलं. करवतीला इंजिन ऑईल लावलं तर लाकडावर डाग पडतात.

डिझेल आणि रॉकेल धुण्यासाठी आहेत, रक्षणासाठी नाहीत. ती उडून जातात आणि मागे जवळपास काही उरत नाही. ग्रीस याच्या उलट, जाड आणि टिकाऊ, पण फटीत शिरत नाही. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती, पॉवर टिलरच्या चाकाचे बोल्ट हंगाम संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून, मग ग्रीस लावून ठेवावेत. फाळ घासून चांदीसारखा चकचकीत झालेला असतो, म्हणजे त्यावर संरक्षण असं काहीच नसतं. नट्टी, म्हणजे भाताची लावणी, संपली, टिलर कोपऱ्यात गेला आणि फाळ तसाच राहिला, तर पुढच्या वर्षी माती त्याला चिकटते, फाळ जड चालतो आणि डिझेल जास्त जातं.

चढलेला गंज काढताना

आधी ओळखा. बोटाला तांबडी पूड लागते तो ताजा, चालू गंज. काळी, घट्ट, गुळगुळीत झाक, जी जुन्या कोयत्यांवर आणि ऐरणीवर दिसते, ती बहुधा लोखंडाचंच काळं ऑक्साइड असतं आणि ती झाक धातूला थोडी झाकतेही. तिला घासून पांढरं करायचा मोह टाळा. तेल लावा आणि राहू द्या.

ताज्या पुडीला रॉकेलमध्ये भिजवलेला काथ्या किंवा तारेची घासणी पुरते. त्याहून जाड असेल तर वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, हवं तर ३२०. धारेच्या दिशेनं घासा, आडवं नको. ग्राइंडरला वायर व्हील लावत असाल तर चष्मा घातल्याशिवाय चालू करू नका, तारा सुटून उडतात.

खाचाखोचा असलेल्या हत्याराला, म्हणजे पाना, पक्कड, कात्री, कानस, भिजवणंच बरं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व ५० ग्रॅम प्रति लिटर पाण्याला, म्हणजे पाच लिटरच्या बादलीत पाव किलो. बादली प्लास्टिकची. आधी तेलकटपणा साबणानं काढा, तेलाच्या जागी आम्ल लागत नाही. दांडे काढून ठेवा. दर तासाला बाहेर काढून काथ्यानं घासून बघा. हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुनाट एका रात्रीत. रात्रीपेक्षा जास्त नको, गंज संपला की आम्ल चांगल्या लोखंडाला लागतं आणि पृष्ठभाग खरखरीत करतं. स्प्रिंगा, ब्लेडं असं कडक पोलाद फार वेळ आम्लात ठेवलं तर ठिसूळही होतं. लिंबूसत्त्व नसेल तर ४-५ टक्क्यांचा व्हिनेगर चालतो, वेळ जास्त लागतो. कानशीला हा उपाय लागला तर दुहेरी फायदा, गंज जातो आणि दातांना थोडी धारही येते.

जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू, म्हणजे जीआय बादली, तार, बिजागरी, आम्लात टाकू नका. बुडबुडे येऊन आधी जस्त जातं आणि मग वस्तू गंजायला मोकळी होते.

आम्लातून काढल्यानंतरची पाच मिनिटं सगळ्यात नाजूक. उघडं ओलं लोखंड बघता बघता पिवळं पडतं आणि माणसाला वाटतं उपाय फसला. तयारी आधीच करून ठेवा: एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा. आम्लातून थेट या पाण्यात, मग साध्या पाण्यात एक बुचकळी, लगेच पुसणं, चुलीजवळ किंवा उन्हात वाळवणं, गरम असतानाच तेल.

संडास साफ करायचं ॲसिड यासाठी वापरू नका. गंज लवकर जातो खरा, पण त्यातून निघणारी हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ खोलीतल्या दुसऱ्या सगळ्या हत्यारांवर बसते आणि आठवड्याभरात तीही तांबडी होतात. त्या बाटलीचं झाकण ढिलं असलं तरी हेच होतं, म्हणून ती बाटली हत्यारांच्या खोलीत ठेवूच नये. ब्लीचिंगमध्ये मिसळली तर विषारी वायू निघतो.

फार जुन्या, पोपडे सुटलेल्या वस्तूंना विजेचा उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात दर पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची काळी, म्हणजे ऋण तार हत्याराला जोडा, आणि लाल, धन तार भंगारातल्या लोखंडी पत्र्याला. दोन्ही पाण्यात असावेत, एकमेकांना लागू नयेत. २ ते ५ ॲम्पिअरवर सहा ते बारा तासांत गंज सैल होऊन काळा गाळ बनतो आणि ब्रशनं निघतो. तारा उलट जोडल्या तर हत्यारच विरघळेल, म्हणून बटण दाबण्याआधी दोनदा बघा. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टबातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे काम उघड्यावर, विडी-काडी-चूल लांब. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. नवे आपोआप चालणारे चार्जर समोर बॅटरी नसली की चालूच होत नाहीत, तिथं जुना साधा चार्जर लागतो. बिडाच्या वस्तूंना हा उपाय विशेष मानवतो, कारण चांगलं बीड जराही झिजत नाही.

आणि जिथं सगळा गंज निघणारच नाही, म्हणजे खड्ड्यांत बसलेला, तिथं त्याला बदलून टाकायचं. दुकानात फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं. ते गंजाचं लोह-फॉस्फेट करतं, जे काळपट आणि घट्ट असतं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं त्यावर असाच फॉस्फेटचा थर धरलेला आहे. आपल्याकडच्या रानात मिळणारा हिरडाही याच कामाचा आहे. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि ते गंजाशी मिळून निळसर काळा थर देतं. १०० ग्रॅम हिरडा कुटून एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, थंड करा. लोखंडी कढईत उकळू नका, काढा तिथंच काळा होईल. वायर ब्रशनं सैल गंज काढून, धुऊन, कुंचल्यानं हा काढा लावा. दहा-पंधरा मिनिटांत तांबडं काळं पडायला लागतं. वाळल्यावर दुसरा हात द्या आणि दुसऱ्या दिवशी तेल. फॉस्फरिकइतकं हे जोरकस नाही, पण हाताला न भाजणारं आणि स्वस्त आहे.

अडकलेल्या नटबोल्टाला आधी वायर ब्रश मारून मळ काढा, मग डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मं-निम्मं मिसळून सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, पाना लावून आधी किंचित आवळा, मग सोडा. आवळल्यानं गंजाची पकड तुटते. नुसता जोर लावला की डोकं तुटून हातात येतं.

ठेवायचं कुठं

मातीच्या किंवा शहाबादी फरशीवर टेकवलेलं अवजार खालून ओल ओढतं. जमिनीपासून वीतभर वर, लाकडी खुंट्यांवर टांगा, पातं भिंतीपासून दोन बोटं सुटं. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाझरते, तिला लोखंड टेकू देऊ नका. खताच्या पोत्यांपासून, गोठ्यापासून, मिठाच्या बरणीपासून आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब. बॅटरीतून गंधकाच्या आम्लाचा फवारा उडतो आणि तो वरच्या फळीवरची हत्यारंही खातो.

गोणपाटात गुंडाळणं म्हणजे ओल बांधून ठेवणं. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केलं तर आतलीच ओल रात्री दव बनते. तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळणं या दोन्हींपेक्षा बरं.

बंद कपाट असेल तर तळाशी १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा, एलईडी नको, ती तापत नाही. आतली हवा थोडी उबदार राहिली तरी फरक मोठा पडतो. २४ अंशांची ९० टक्के दमट हवा ३० अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा ६३ टक्क्यांवर येतो. कागद आणि चिंध्या बल्बला लागणार नाहीत असं बघा. टूलबॉक्ससाठी सिलिका जेलची पुरचुंडी पुरते. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास ठेवून ती पुन्हा वापरता येते.

खुरपं, विळा, लहान फावडी यांच्यासाठी तेल-वाळूची बादली सगळ्यात सोयीची. दहा लिटरच्या बादलीत धुऊन वाळवलेली नदीची वाळू भरा, अर्धा लिटर कोरं ऑईल घालून कालवा. धुतलेलं कोरडं खुरपं दोन-तीनदा आत खुपसा आणि तसंच राहू द्या. समुद्राची वाळू चालणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) वापरलेली वाळूही नको, तिच्यात ओल धरणारी बेंटोनाइट माती आणि राळेचे अवशेष असतात. बादलीवर झाकण ठेवा, एकदा वाळूत पाणी गेलं की ती पसरून वाळवावीच लागते.

बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचा मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार, लोखंडी पिंपात कधी कालवू नका. तांबं पिंपाच्या आतल्या बाजूला चढतं, तेवढंच लोखंड पाण्यात उतरतं, पिंप चाळणी होतं आणि मिश्रणही कमजोर पडतं. प्लास्टिकचं पिंप, प्लास्टिकचा ढवळणा.

रंग द्यायचा तर

जिथं घर्षण नाही तिथंच रंग टिकतो: टिलरची चौकट, ट्रॉलीचा सांगाडा, घमेल्याची बाहेरची बाजू. पात्याला रंग देण्यात अर्थ नाही. सैल गंज पूर्ण काढा, तेलकटपणा थिनरनं पुसा, रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, प्रत्येक हात रात्रभर वाळवून, आणि चार-पाच दिवसांच्या आत वर इनॅमलचे दोन हात. नुसत्या प्रायमरवर गेट किंवा सांगाडा पावसाळाभर उभा राहिलेला सगळीकडे दिसतो. प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी आत जातं आणि दिवाळीला सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. हे काम एप्रिल-मे मध्ये उरका. पावसाळी हवेत दिलेला रंग वरून वाळतो आणि खाली ओल कोंडून फोड येतात.

कारखान्यातल्या हत्यारांसाठी

उद्यमबाग, मच्छे भागातल्या शॉपमध्ये मशीनच्या बेडवर आणि तयार जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, गंज येण्याची पहिली जागा म्हणजे कूलंट, धातू कापताना थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण. पाणी उडून जातं म्हणून ऑपरेटर वरून नुसतं पाणी घालत राहतो आणि मिश्रण पातळ होत जातं. उत्पादकानं सांगितलेलं प्रमाण, बहुतेक मशीनिंगला ५ टक्क्यांच्या आसपास, रिफ्रॅक्टोमीटरनं (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणानं) आठवड्यातून एकदा तपासा. भर घालताना पातळ का होईना, मिश्रणच घाला. आणि तेल पाण्यात ओता, पाणी तेलात नको, नाहीतर नीट मिसळत नाही.

व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज ब्लॉक या मोजमापाच्या साधनांना बोटांचे ठसे खातात. शुक्रवारी घामेजल्या हातांनी धरलेल्या गेजवर सोमवारी बोटाच्या रेषा तांबड्या उमटलेल्या दिसतात. वापर झाला की मऊ फडक्यानं पुसून पातळ स्पिंडल ऑईल. तयार जॉबना आरपी, म्हणजे गंजरोधक, ऑईल लावतात, तेच शेतीच्या अवजारांनाही हंगामानंतर उत्तम चालतं. त्यातलं पाणी हुसकावणारं ऑईल घेतलं तर खाचेत उरलेली ओलही बाहेर येते.

वर्षातून दोनदा

मोठी साफसफाई दोनदा: मृगाच्या आधी एकदा आणि खंडेनवमीला एकदा. मृगाआधी दांडे, पाचरी, धार आणि तेल, म्हणजे पावसाळ्याची तयारी. खंडेनवमीला पावसाळ्यात चढलेला गंज काढायचा, त्या दिवशी अवजारं धुतली जातातच. पूजेनंतर मात्र एक काम राहून जातं. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची ओली फुलं आणि नारळाचं पाणी पात्यावर रात्रभर राहिलं की फुलाच्या आकाराचा काळा डाग आणि त्याभोवती गंज उमटतो. पूजा झाली की त्याच संध्याकाळी फुलं उतरवून पातं पुसावं आणि तेलाचा बोळा फिरवून पुन्हा जागेवर ठेवावं. पूजेसाठी काढलेलं कोरं कुंकू तेल लावलेल्या पात्यावरही छान बसतं, म्हणून आधीच तेल लावलेलं असलं तर आणखी चांगलं.

खानापूरच्या बाजूला भाद्रपद संपेपर्यंत दर आठवड्याला तेलाचा हात फिरवावा. अथणीकडे पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. कारवारला आधी गोड्या पाण्यानं मीठ धुऊन मगच तेल, नुसतं तेलावर तेल चढवत गेलं तर मीठ खाली तसंच राहतं.

कोणतं हत्यार सोडून द्यावं

पात्याच्या मधे खड्डे असले तर घाबरू नका, काम चालतं. धारेजवळ, शेवटच्या बोटभर भागात खड्डे असतील तर धार लावताना ते बाहेर येतात आणि धार दाते पाडते. तेवढा भाग लोहाराकडून तासून घ्या. कुऱ्हाड आणि घणाच्या नेढ्याला भेग असेल, मग ती केसाएवढी का असेना, ते हत्यार वापरातून काढा. भेग शोधायची तर नेढं रॉकेलनं पुसून कोरडं करा आणि वर खडूची पूड फासा, भेगेत मुरलेलं रॉकेल पूड ओली करून रेष दाखवतं. साखळी, हुक, जॅकचा पिन अशा वजन पेलणाऱ्या वस्तूंची जाडी गंजानं दिसण्याइतकी कमी झाली असेल तर त्या साफ करून वापरायच्या नाहीत, बदलायच्या. निकामी ठरलेला कोयता गाडीच्या स्प्रिंगपाट्याचा असेल तर भंगारात देऊ नका, लोहार त्यातून खुरपं काढून देतो.